टेक्ससमध्ये रात्रीची कायोटी शिकार: परवान्यापासून परतीच्या प्रवासापर्यंत, क्रमाने

ऑक्टोबर उजाडला की कायोटीच्या, म्हणजे कोल्ह्यासारख्या इथल्या जंगली प्राण्याच्या, शिकारीसाठी फोन सुरू होतात. "अरे, सॅन अँजेलोजवळ एक गाइड मिळालाय. रायफल, अंधारात ऊब दाखवणारी थर्मल दुर्बीण, सगळं त्याचंच. आपण फक्त जायचं. येतोस?" मी एकच विचारतो, परवाना काढलास का? उत्तर ठरलेलं असतं: "ते गाइड बघेल की."

गाइड ते बघत नाही. तो रान दाखवतो, वारा बघतो, कॉल (जनावराला जवळ बोलावणारा आवाज) वाजवतो, कुठे बसायचं ते सांगतो. परवाना, व्हिसा, स्वतःचे कान आणि चापावरचं बोट हे ज्याचं त्याने सांभाळायचं. ओळखीतले लोक दरवर्षी त्याच त्या चुका करतात आणि बहुतेक चुका रानात पोचायच्या आधीच झालेल्या असतात. म्हणून इथे सगळं क्रमाने लिहितो आहे. क्रम बदलू नका, विशेषतः पहिल्या टप्प्यातला.

हे सगळं टेक्ससपुरतं आहे. दुसऱ्या राज्यांचे नियम वेगळे आहेत. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा विषय संपवलेला आहे, तेव्हा "पुढच्या वेळी गावाकडे" असलं काही मनातही आणू नका.

## १. आधी कागद, मग बंदूक

एच-१बी, एच-४, एफ-१ अशा व्हिसावर अमेरिकेत असाल तर हा टप्पा दोनदा वाचा. इथल्या संघीय कायद्याप्रमाणे अशा व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. याला मोजके अपवाद आहेत. त्यातला आपल्या कामाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. परवाना हातात असेल तर चालतं, नसेल तर रायफल हातात घेणं हाच गुन्हा. तुमची नसली तरी, भाड्याची असली तरी, शूटिंग रेंजवर पाच मिनिटांसाठी घेतली तरीही. ग्रीनकार्डवाल्यांना हे बंधन नाही. आपण नेमके कशात बसतो याबद्दल जराही शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, गाइडला किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपला नको.

म्हणून क्रम असा: आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग परवाना, मग रेंजवर सराव आणि शेवटी रान. आपली माणसं नेमकी उलट दिशेने जातात. उत्साहात आधी रेंज गाठतात, मग गाइडला आगाऊ रक्कम भरतात आणि परवाना वाटेतल्या दुकानातून घेऊ म्हणतात.

कोर्स कोणाला लागतो? २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला, म्हणजे जवळपास आपल्या सगळ्यांनाच. वय १७ च्या पुढे असेल तर तो पूर्णपणे ऑनलाइन करता येतो. दुसऱ्या राज्यात केलेला असेल तर ते प्रमाणपत्र टेक्ससमध्ये चालतं. कोर्स न करता आयुष्यात एकदा १० डॉलर भरून तो पुढे ढकलायची मुदत घेता येते, पण मग सोबत कोर्स झालेला, टेक्ससचा परवाना असलेला सतरा वर्षांवरचा शिकारी असावा लागतो. कायद्याने ते चालतं, तरी माझं मत विचाराल तर घेऊ नका. ज्याने आयुष्यात रायफल धरलेली नाही त्याने पहिल्यांदा ती अंधारात आणि तीही कोर्स न करता धरावी, हे मला पटत नाही.

परवाना कुठला घ्यायचा ते तुम्ही कुठे राहता त्यावर ठरतं. अर्जाआधी सलग सहा महिन्यांहून जास्त टेक्ससमध्ये राहिला असाल तर रहिवासी परवाना, २५ डॉलरचा. न्यू जर्सीहून किंवा कॅलिफोर्नियाहून येणार असाल तर परराज्यातल्यांसाठी पाच दिवसांचा विशेष परवाना मिळतो, ४८ डॉलरचा. कायोटीला तो पुरतो. हे माहीत नसल्याने ३१५ डॉलरचा सर्वसाधारण परवाना घेऊन बसलेले दोघे मला माहीत आहेत. हरणाची शिकार करणारच नसाल तर त्याची गरज नाही. फी अधूनमधून बदलते, तेव्हा पैसे भरताना राज्याच्या पार्क्स अँड वाइल्डलाइफ विभागाच्या साइटवर आकडा बघून घ्या.

वार्षिक परवान्याचं वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं आणि ३१ ऑगस्टला संपतं. जुलैत घेतलेला परवाना वर्षभर चालत नाही.

सावध: चौघांपैकी दोघांकडे परवाना आणि दोघे "नुसते बघायला" असे ग्रुप पुष्कळ निघतात. बघायला यायला हरकत नाही. पण रानात थर्मल दुर्बीण रायफलीवरच बसवलेली असते आणि मध्येच कोणीतरी म्हणतं, "दे रे, जरा बघू दे." त्या क्षणी विनापरवाना माणसाच्या हातात रायफल येते. बघणाऱ्यांसाठी गाइडकडून हातात धरायचं वेगळं थर्मल मागून घ्या आणि रायफलीला हात लावायचा नाही हे निघतानाच ठरवा.

## २. नेमकी कशाची शिकार?

टेक्ससमध्ये कायोटी आणि बॉबकॅट (आखूड शेपटीचं रानमांजर) हे "नॉनगेम" गटात मोडतात. खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने, त्यांना बंद हंगाम नाही आणि रात्रीची मनाईही नाही. ज्यांनी कायोटी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: आपल्या कोल्ह्याहून मोठा, लांडग्याहून लहान, उंच पायांचा आणि झुपकेदार शेपटीचा प्राणी. शेळ्या-मेंढ्यांच्या रँचवर करडं-कोकरं नेतो, म्हणून रँचवाले आपल्याला आत येऊ देतात.

खोकड आणि रॅकून वेगळ्या गटात येतात, फर देणाऱ्या प्राण्यांच्या, आणि त्यांचे नियम निराळे आहेत. ते समोर आले तर काय करायचं, हे गाइडला आधीच विचारा. रानडुकरं बहुधा चालतात, पण कित्येक गाइड त्याचे वेगळे पैसे लावतात. आणि हरीण रात्री मारता येत नाही, कुठल्याही परवान्यावर नाही. हे वाक्य नवव्या टप्प्यात पुन्हा लागणार आहे.

## ३. गाइडला फोनवर विचारायच्या गोष्टी

टेक्ससची सुमारे ९५ टक्के जमीन खासगी मालकीची आहे. गाइड घेण्यामागचं खरं कारण हेच: त्याच्याकडे रँचमालकांच्या परवानग्या असतात. म्हणून पहिला प्रश्न जमिनीबद्दल. कोणत्या काउंटीत, साधारण किती एकर, किती रँच, आणि आपल्याला दिवसाउजेडी ती जमीन बघता येईल का? शेवटच्या प्रश्नाला "काही गरज नाही" असं उत्तर आलं तर मी दुसरा गाइड बघतो.

मग पुढचे: एका वेळी किती जण नेणार? दोन नेमबाज ठीक, तीन म्हणजे गर्दी, चारांत शिकार होत नाही, सहल होते. रायफल आणि थर्मल देणार का, काडतुसांचे पैसे वेगळे का? वाऱ्या-पावसाने रात्र बुडाली तर तारीख बदलून मिळेल का? आगाऊ रक्कम बहुधा परत मिळत नाही, तेव्हा हे मेसेजवर लिहून घ्या. मी एकदा नुसत्या बोलण्यावर विसंबलो. मुसळधार पावसात अर्धा तास गाडीत बसवून "शिकारीला निघालो होतो ना" म्हणत त्या गृहस्थाने सगळे पैसे ठेवून घेतले.

आणखी एक गोष्ट विचारा, आपले लोक संकोचाने टाळतात: रँचवर कळपाची राखण करणारी कुत्री आहेत का? का, ते पुढे येईल.

तारीख निवडताना चंद्राचा फार विचार करू नका. थर्मलला उजेड लागत नाही. उलट लख्ख पौर्णिमेला आपण प्राण्याला दिसतो, त्यामुळे बसायला झाडाची सावली शोधावी लागते. वारा मात्र बघा. ताशी १५ मैलांच्या वर गेला की कॉल दूर पोचत नाही आणि नेम टिकत नाही. जानेवारी-फेब्रुवारी हा कायोटींचा जोडीचा काळ, तेव्हा नुसत्या हुकीवरही, म्हणजे कायोटीच्या ओरडण्याच्या आवाजावरही, ते येतात. मला हेच दोन महिने आवडतात, थंडी असली तरी.

## ४. सराव: टेबलावरून नव्हे, ट्रायपॉडवरून

परवाना खिशात आला, आता रेंजवर जा. तिथे सगळे टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवून नेम मारतात आणि कागदावर मधोमध भोकं पाडून खूश होऊन घरी येतात. रानात टेबल नसतं. रायफल ट्रायपॉडवर अडकवलेली असते, तुम्ही उभे किंवा घडीच्या स्टुलावर, पायाखाली ढेकळं आणि समोरचं जनावर चालतं. शक्य असेल तर ट्रायपॉडवरूनच १०० यार्डावर ३० ते ४० बार काढा. कायोटीसाठी बहुतेक गाइड .२२३ (हे काडतुसाचं माप) किंवा त्याच्या आसपासची रायफल देतात. तिचा धक्का कमी असतो, नवख्यालाही सोसतो.

घरी करायचा सराव फुकट आहे आणि रायफलीशिवाय होतो. अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर २० मिनिटं हलायचं नाही. फोन नाही, खोकला नाही, पाय हलवणं नाही. सातव्या मिनिटाला नाक खाजतं, बाराव्याला पाठ. हे ज्याला जमत नाही त्याला रायफल कितीही चांगली चालवता आली तरी कायोटी दिसणार नाही.

तपासा: चार नियम न अडखळता म्हणता येतात का? बंदूक भरलेलीच आहे असं धरायचं. जे मारायचं नाही त्याकडे नळी न्यायची नाही. नेम पक्का होईपर्यंत बोट चापाबाहेर. लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे हे कळल्याशिवाय बार नाही.

## ५. बॅगेत काय

थोडक्यात सांगतो. जानेवारीत पश्चिम टेक्ससची रात्र गोठणबिंदूखाली जाते आणि तुम्ही हलणार नसता, म्हणून वाटते त्याहून एक थर जास्त. जॅकेट लोकरीचं किंवा मऊ कापडाचं. सळसळणारं पावसाळी जॅकेट नको, त्याचा आवाज शांततेत शंभर यार्ड जातो. घोट्यापर्यंतचे जाड बूट, कारण मेस्किटचे काटे आणि फड्या निवडुंग अंधारात बघून चुकवता येत नाहीत. उबदार रात्री असतील तर साप हेही कारण. लाल उजेडाचा हेडलॅम्प. परवाना आणि ओळखपत्र, छापील.

कानांची सोय स्वतःची न्या. .२२३ चा बार १४० डेसिबलच्या वर जातो आणि एका बारानेही कानाला कायमची इजा होऊ शकते. बारीक आवाज मोठा करणारे आणि मोठा आवाज अडवणारे, कानावर लावायचे इलेक्ट्रॉनिक मफ असतात, ते घ्या. गाइडची कुजबुज ऐकू येते.

अत्तर, आफ्टरशेव्ह नको. कुरकुरीत खाणंही नको. पहिल्या वर्षी बायकोने दिलेली शंकरपाळ्यांची प्लास्टिक पिशवी माझ्या मांडीवरच्या खिशात होती. बसताना ती अशी काही चुरचुरली की गाइडने काही न बोलता हात पुढे केला, पिशवी घेतली आणि ट्रकमध्ये ठेवून आला. ती बैठक (एका जागी बसून, आवाज लावून जनावराची वाट बघणं) रिकामी गेली. शंकरपाळ्या मात्र त्याने पहाटेपर्यंत संपवल्या.

## ६. सूर्य मावळायच्या आधी रँचवर

डॅलसहून सॅन अँजेलो साधारण चार तास. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघालात तर अंधारात पोचाल आणि हा टप्पा हुकेल. अर्धी रजा टाका. दिवसाउजेडी तीन कामं असतात.

पहिलं, जमीन बघणं. घर कुठे, मजुरांचा ट्रेलर कुठे, रस्ता कुठल्या बाजूला, गुरं कुठे, पाण्याच्या टाक्या कुठे. थर्मलमध्ये ऊब दिसते, नकाशा दिसत नाही. टेकडीमागचं घर रात्री तुमच्यासाठी नसतंच, गोळीसाठी मात्र असतं.

दुसरं, नेम जुळला आहे का ते बघणं. गाइड म्हणतो, "काल बघितलंय." तरी दोन बार मागा. १०० यार्डावरच्या पुठ्ठ्यावर हात शेकायची छोटी गरम पुडी चिकटवली की थर्मलमध्ये ती पांढऱ्या टिकलीसारखी चमकते. तिच्यावर दोन बार. हा रायफलीचा सराव नाही, तुमची आणि तिची ओळख आहे: सेफ्टी (चाप अडवणारा खटका) कुठे, चाप किती जड, डोळा काचेपासून किती लांब.

तिसरं, डोळ्याजवळची काच आपल्या नजरेला जुळवणं. चष्मा असेल तर तो घालून. हे न केल्याने बैठकीत चित्र धूसर दिसतं, माणूस घाबरून दिसेल ती बटणं दाबतो आणि नेमाचं चिन्ह गायब करून बसतो. एकदा जुळवलं की रात्रभर एकाही बटणाला हात लावायचा नाही. झूमलाही नाही. झूम वाढवलं की चित्र फुटतं आणि समोरचा पट्टा अरुंद होतो.

सावध: काचेतून थर्मल चालत नाही. ट्रकची खिडकी बंद ठेवून बघितलंत तर स्वतःचंच धूसर प्रतिबिंब दिसेल. दरवर्षी कोणीतरी "हे बंद पडलंय" म्हणून ओरडतं.

दारू आज नाही. परतल्यावरही रायफली कुलपात गेल्याशिवाय नाही.

## ७. ट्रकपासून खुर्चीपर्यंतची शंभर पावलं

रात्र बहुधा इथेच बिघडते, म्हणून जरा थांबून सांगतो.

गाइड ट्रक उंचवट्याआड किंवा झाडीमागे लावतो आणि इंजिन बंद करतो. इथून पुढे बोलणं बंद. दार उघडल्यावर ते ढकलून लावायचं नाही. हातात धरून टेकवायचं, मग कमरेने हलकेच दाबायचं. "खट्" इतकाच आवाज. धाडकन दार म्हणजे अर्ध्या मैलावरच्या प्रत्येक कायोटीला "पाहुणे आले" असा निरोप. आतला दिवा आधीच बंद केलेला असावा. फोन ट्रकमध्येच. खिशात राहिला तर कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात आणि स्क्रीन तुमचं तोंड उजळवते.

चालताना रायफलीच्या नळीत काडतूस नसतं. चालण्याचा क्रम ठरलेला असतो: गाइड पुढे, आपण मागे, नळी आकाशाकडे किंवा जमिनीकडे, पुढच्याच्या पाठीकडे कधीच नाही. काट्यात पाय अडकला तर आधी थांबायचं, मग पाय सोडवायचा. तार ओलांडायची असेल तर रायफल गाइडकडे द्यायची, आपण पलीकडे जायचं, मग घ्यायची. रायफल हातात घेऊन तारेखालून सरपटणारे वीर मी बघितले आहेत. त्यांच्यासोबत मी पुन्हा गेलो नाही.

हातातल्या थर्मलने गाइड वाटेत दोनतीनदा सगळीकडे बघेल. तेव्हा तुम्हीही पुतळा व्हायचं. एवढ्यात त्याच्या पाठीला जाऊन धडकू नका.

## ८. बैठक

गाइड इलेक्ट्रॉनिक कॉलर, म्हणजे प्राण्यांचे आवाज वाजवणारा स्पीकर, समोर चाळीस-साठ यार्डांवर ठेवतो, जेणेकरून येणाऱ्या जनावराचं लक्ष आपल्याकडे नव्हे तर आवाजाकडे जाईल. वारा आपल्या तोंडावर किंवा आडवा हवा. कायोटी सरळ आवाजाकडे येत नाही. तो वळसा घालून वारा ज्या बाजूला वाहतो तिकडे जातो, वास घेतो आणि मग ठरवतो. म्हणून ती बाजू मोकळी, नजरेतली असायला हवी. "वास कुठे जातोय?" असं गाइडला एकदा विचारून ठेवा. त्या दिशेने येणारं जनावर तुमचंच असणार.

ट्रायपॉड पक्के बसवा आणि दोन्ही नेमबाजांची हद्द ठरवा. डावीकडचा मधल्या झाडापर्यंत, उजवीकडचा तिथून पुढे. हद्द म्हणजे हद्द. थर्मलमध्ये डोळा घातला की बाजूचा माणूस दिसत नाही आणि चालत्या जनावरामागे रायफल वळवत वळवत ती शेजाऱ्यावर येते. हे सगळ्यात धोकादायक आणि सगळ्यात सहज होणारं. हद्दीबाहेर गेलेलं जनावर सोडून द्यायचं.

दिशा घड्याळाने सांगतात. "दोन वाजता" म्हणजे थोडं उजवीकडे. पण बारा कुठे? तुमच्या नाकासमोर की गाइडच्या? एका बैठकीत आम्ही दोघं वेगवेगळ्या "दहा" कडे बघत राहिलो आणि कायोटी तिसऱ्याच बाजूने पाणी पिऊन गेला. बारा म्हणजे कॉलर, हे बसतानाच ठरवून घ्या.

मग काडतूस नळीत, सेफ्टी लावलेली, बोट बाहेर. आवाज सुरू होतो. जखमी सशाचा तो किंचाळा पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा येतो. मध्येच हुकी, मध्येच शांतता. कायोटीसाठी १५ ते २० मिनिटं बसतात. बॉबकॅट हवा असेल तर अर्धा तास किंवा जास्त, कारण तो पाच पावलं टाकतो, बसतो, विचार करतो, पुन्हा पाच पावलं.

एका रात्रीत अशा सहा ते दहा बैठका होतात आणि त्यातल्या बऱ्याच रिकाम्या जातात. चौथ्या रिकाम्या बैठकीनंतर कुजबुज सुरू होते, पाय हलतात, कोणीतरी जांभई देतं. पाचव्या बैठकीला नेमका कायोटी येतो.

## ९. ओळख पटवणं

थर्मलमध्ये दिसतो तो पांढरा ठिपका. रंग नाही, डोळे नाहीत, खोली नाही. खोली नाही म्हणजे अंतर कळत नाही: जवळचा मोठा ससा आणि लांबचा कायोटी सारख्याच आकाराचे दिसतात. म्हणून आकारावर जायचं नाही, चालीवर जायचं.

कायोटी दुडक्या चालीने येतो, डोकं खाली, शेपटी खाली लोंबती, दर थोड्या वेळाने थांबून मान वर करतो. हरणाचे पाय काठ्यांसारखे लांब आणि मान चालताना मागेपुढे होते. रॅकूनला पाठीत कुबड. वासरू एका जागी उभं राहतं, त्याला घाई नसते. बॉबकॅट सावकाश, आखूड शेपटी, मध्येच बसून राहतो. आणि कुत्रा? कुत्रा थर्मलमध्ये फार वेळा कायोटीच दिसतो.

मागच्या फेब्रुवारीची गोष्ट. मित्राच्या हद्दीत ठिपका आला. दुडकी चाल, दीडशे यार्ड. त्याने सेफ्टी काढली. गाइडने खांद्यावर तळहात ठेवला आणि उचलला नाही. म्हणजे थांब. ठिपका कॉलरपाशी आला, वास घेतला, शेपटी वर झाली, थोडी हलली. मग तो मागे फिरला, उतारावरच्या चाळीसेक लहान ठिपक्यांमध्ये जाऊन मधोमध बसला. शेळ्यांचा कळप होता तो, आणि हा कळपाचा राखणदार, पांढरा धिप्पाड पिरेनीज कुत्रा. मित्राने सेफ्टी लावली आणि नंतरच्या दोन बैठका रायफल माझ्याकडे दिली.

नियम असा: गाइड नाव घेऊन सांगेल, "कायोटी, मार." नुसतं "मार" नव्हे. तुम्हाला स्वतःलाही तो कायोटी वाटला पाहिजे. दोघांपैकी एकाला शंका असेल तर बार नाही.

तपासा, दर वेळी: मागे काय आहे? ठिपका क्षितिजरेषेवर असेल, म्हणजे मागे नुसतं आकाश असेल, तर नाही. मागे मातीचा उतार हवा. मध्ये काय आहे? थर्मलला कुंपणाची तार दिसत नाही, वाळलेलं गवत पुसट दिसतं, गोळी मात्र दोन्हींवर आदळते. घराच्या, रस्त्याच्या, टाकीच्या दिशेने नाही.

## १०. बार

जनावर चालत असताना मारू नका. गाइड तोंडाने "वुफ" असा आवाज काढतो, कायोटी थबकतो. तो थबकल्यावर तुमच्याकडे दोन-तीन सेकंद असतात. ती पुरतात. नेम खांद्यामागे, छातीच्या मध्यावर. डोक्यावर नाही. श्वास अर्धा सोडून चाप हळूच मागे.

नवख्याची नेहमीची चूक म्हणजे चाप ओढता ओढता डोकं वर उचलणं, लागलं का ते बघायला. गोळी वरून जाते. बार झाल्यावरही डोळा काचेतच ठेवा.

दोन कायोटी आले तर गाइड "तीन, दोन, एक" म्हणतो आणि दोघेही "एक" ला आपापल्या हद्दीतल्याला मारतात. आकडे म्हणण्याचा सराव संध्याकाळीच करून ठेवा. आमच्यातला एक जण "तीन" लाच मोकळा झाला होता.

## ११. बारानंतर

सेफ्टी लावा. उठू नका. गाइड बहुधा लगेच पिल्लाच्या रडण्याचा आवाज लावतो आणि पळालेला दुसरा कायोटी परत फिरतो. आनंदाने उठून हस्तांदोलन करणारे ही दुसरी संधी घालवतात.

जनावर पडलं ती जागा कशाच्या तरी संदर्भाने लक्षात ठेवा: तिसऱ्या झुडपाच्या डावीकडे वगैरे. जवळ जायचं ते गाइडसोबत, त्याने सांगितल्यावर, नळी रिकामी करून. जखमी होऊन गेलं असेल तर माग काढणं त्याचं काम आणि त्याला वेळ देणं तुमचं. पुढच्या बैठकीची घाई करू नका.

उघड्या हाताने शिवू नका. खरूज, पिसवा आणि रेबीज, तिन्हीची शक्यता असते. हातमोजे घाला. फोटो काढायचे तर काढा, पण कुटुंबाच्या ग्रुपवर टाकण्याआधी क्षणभर थांबा. माझ्या आत्याने तीन महिने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. कातडी किंवा कवटी भारतात न्यायचा विचार सोडून द्या. बॉबकॅट तर आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सायटीस यादीत आहे, त्याची कातडी टेक्ससबाहेर न्यायलाही टॅग लागतो.

टिप द्यायची असते, साधारण दहा ते वीस टक्के. शिकार मिळाली नाही तरी. मिळवून देणं त्याच्या हातात नसतं, मेहनत असते.

## १२. परत येताना

पहाटे तीनला शेवटची बैठक उरकते आणि कोणीतरी म्हणतं, "चला, आत्ताच निघू, सकाळी घरी." निघू नका. जागरणाचा डोळा, निर्मनुष्य रस्ता आणि पहाटे रस्त्यावर येणारी हरणं. झोपा, दहाला निघा.

निघायच्या आधी कपड्यांचे सगळे खिसे उलटे करा. काडतुसं खिशात राहतात, हमखास राहतात. विमानाने परत जाणार असाल तर हातातल्या बॅगेत एक सापडलं तरी सुरक्षा तपासणीत अडकाल. आणि तुम्ही व्हिसावर असाल, पाच दिवसांच्या परवान्यावर आला असाल, तर सहाव्या दिवशी कपाटातल्या जॅकेटमध्ये पडलेलं ते एक काडतूसही पहिल्या टप्प्यातल्या कायद्यात बसतं. मला माझं वॉशिंग मशीनमध्ये सापडलं होतं, टणटण वाजत. तेव्हापासून रँचच्या दारातच ट्रकच्या बॉनेटवर सगळं रिकामं करतो: काडतुसं गाइडच्या डब्यात, बाकी माझ्या बॅगेत.